बाईची रोजी आणि कापसाचा भाव

(माहूर येथील बैठकीत केलेले भाषण)



आज गडाखाली आपण जमलो ते कापसाच्या भावावर बोलायला. भावावर बोलूच. पण बैठकीपुढे एक ठराव आला आहे, त्यावर आधी बोलायचे आहे. ठराव आपल्याच माणसांनी आणला आहे, कोण्या पुढाऱ्याने नव्हे. त्यात म्हटले आहे, की पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत सरकारने रोजगार हमीची कामे बंद ठेवावीत. कारण शेतीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर त्यांची रोजी परवडत नाही.

ठराव मांडणाऱ्यांची तळमळ खोटी नाही. पऱ्हाटीला कापूस फुटून लोंबतो आहे, वर आभाळ आले आहे आणि दारोदार फिरूनही चार बाया मिळत नाहीत, तेव्हा जिवाचे काय होते ते आम्हांला ठाऊक आहे. आमच्याही वावरात ते झाले आहे. तरीही आम्ही या ठरावाच्या विरोधात बोलायला उभे आहोत. का, ते ऐकून घ्या, मग हात वर करा किंवा करू नका.

आधी एक गोष्ट. "बाया मिळत नाहीत" असे आपण म्हणतो तेव्हा या बाया कोण? त्या काही आभाळातून येत नाहीत. मांडवात मागच्या बाजूला ज्या बसल्या आहेत, त्याच त्या. आपल्या भागात दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या घरातली बाई सकाळी आपल्या वावरातले निंदण उरकते आणि दुपारून शेजाऱ्याच्या वावरात रोजाने जाते. आज ती शेतकरीण, उद्या ती मजूर. तांड्यावर पाहा, कोलामांच्या आणि गोंडांच्या पोडांवर पाहा, वाई बाजारच्या, सिंदखेडच्या, वानोळ्याच्या बाजूला पाहा, हेच चित्र आहे. तेव्हा "बायांची रोजी कमी राहावी" असा ठराव शेतकऱ्यांच्या बैठकीत होतो, तेव्हा अर्ध्या सभेने आपल्याच घरच्या रोजीवर पाय देण्याचा ठराव केलेला असतो.

आता कापसाचे काम कोण करते ते पाहू. नांगर, वखर, डवरा, फवारा हे बापयाच्या हातात. सरकी टोबायची ती बाईने. नांगे भरायचे ते बाईने. निंदण एकदा नव्हे, दोन-तीनदा, ते बाईने. ओटी बांधून वेचणी, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, ती बाईने. ज्वारीत खुडणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणे, बियाणाची कणसे निवडून राखेत ठेवणे, हेही तिचेच. आणि यातल्या कशालाही आपण जड काम म्हणत नाही. नांगर जड, निंदण हलके! दहा तास कमरेत वाकून राहणे हलके काम आहे, असे म्हणणाऱ्या भावाने एक दिवस, सबंध एक दिवस, निंदायला बसून दाखवावे. तणनाशकाची बाटली घरात आल्यापासून निंदणाचे दिवसही कमी झाले. तण मेले हे खरे, पण तणाबरोबर श्रावण-भादव्यातली बाईची रोजीही गेली, हे कोणी हिशेबात धरले नाही.

ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. त्या खडीच्या ढिगांवर बायाच बाया होत्या. ज्या घरची सून कधी उंबऱ्याबाहेर रोजाने गेली नव्हती तीही पदर तोंडावर ओढून हातोडी घेऊन बसली. सुकडी खाल्ली, तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आणि जगली. त्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या घराघराला दाखवून दिले, की पिकाने दगा दिला तर घर कोणाच्या हातोडीवर तगते.

त्याच सुमारास रोजगार हमी योजना राज्यभर आली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्यांनी आधी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगावकडे छोटा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, असे त्या योजनेचे बोल होते. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन तिला पैसा उभा केला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशात कामाचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. (शहराने हा कर भरला तो काही फार माया आली म्हणून नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात खेड्यातली माणसे मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर उतरली, तो धसका होता. पण ते असो. पैसा आला हे महत्त्वाचे.)

या योजनेत एक गोष्ट अशी होती, की तिची किंमत आपल्याला तेव्हा कळली नाही. मजुरी कामाच्या मापाने होती. इतके घनफूट माती खणली, इतके दाम. खणणारा हात बाईचा की बापयाचा, हे माप विचारत नव्हते. गावात बाईची रोजी बापयाच्या निम्मी किंवा पाऊण. आणि इथे टेपाने मोजून दोघांना एकच दर. हजेरीपटावर तिचे स्वतःचे नाव, त्यापुढे तिचा अंगठा, आणि पैसे तिच्या हातात. म्हणून त्या कामांवर बाया बापयांच्या बरोबरीने आल्या. बाईला फार मजुरी मिळाली म्हणून त्या आल्या, असे नाही. मजुरी तुटपुंजीच होती. पण ज्या वावरात सकाळी उशीर झाला म्हणून चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, ज्या मालकाकडे सासऱ्याची जुनी उचल आहे म्हणून रोजी वजा होते, त्या वावराला "येत नाही" असे म्हणण्याची सोय पहिल्यांदा तिला मिळाली. कामावर सावली, पाणी, लेकरांसाठी पाळणाघर अशी सगळी तरतूद कागदावर होती. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी. तरी बाया गेल्या.

पुढे या योजनेचे जे झाले तेही सांगितले पाहिजे. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी शेतीच्या किमान वेतनाला जोडली, ती जवळजवळ दुप्पट झाली. चांगले झाले. पण मजुरी वाढली तशी कामे आखडली. मागेल त्याला काम हे कागदावर राहिले आणि तहसीलच्या दाराशी मागणीअर्ज पडून राहू लागले. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग जोडली. आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब लावा, मजुरीचा खर्च सरकार देईल. योजना वाईट नव्हती, पुष्कळ माळराने हिरवी झाली. पण फळबाग कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. ज्या योजनेच्या हजेरीपटावर बाईचे नाव होते ती योजना अशी हळूहळू बापयाच्या सातबाऱ्यावर जाऊन बसली. कोणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. सरकारी धोरण बाईला वगळते ते बहुतेक वेळा असेच, तिचे नाव न घेता.

मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. पहिल्या टप्प्यात देशातले जे २०० जिल्हे घेतले त्यात आपला नांदेड होता. लातूरची पाळी नंतर आली. घरामागे वर्षाला १०० दिवस काम, कामकऱ्यांत किमान एकतृतीयांश बाया, पाच किलोमीटरच्या आत काम, पाच लेकरे असली तर सांभाळायला एक बाई, अशा अटी त्यात घातल्या. एकतृतीयांशाची अट घालणाऱ्यांना वाटले असेल की बाया येणार नाहीत. देशभरात त्या कामांवर निम्म्याहून जास्त बायाच आल्या! पण जॉबकार्ड घराचे, कार्डावर पहिले नाव कर्त्याचे. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची म्हणून लिहिलेले, आणि बाई दोन-दोन महिने बँकेच्या पायऱ्या झिजवते. २०२३ पासून दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी. ज्या बाईने सकाळीच आपल्या वाट्याची माती खणून टाकली ती दुसऱ्या फोटोसाठी दुपारपर्यंत उन्हात बसून राहू लागली, घरी तान्हे लेकरू असले तरी. २०२४ च्या जानेवारीपासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच मजुरी. बोटांचे ठसे निंदून-निंदून पुसलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही.

आणि आता ठरावाच्या मुळाशी येतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० चे १२५ केले आहेत. पण त्यातच अशी तरतूद घातली आहे, की पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात मिळून वर्षाला ६० दिवस कामे बंद ठेवायची, आणि ते दिवस राज्य सरकारने आधी जाहीर करायचे. मजुरीचा सगळा भार पूर्वी केंद्र उचलत होते, आता १०० तले ४० रुपये राज्याने घालायचे आहेत. जे राज्य व्यवसाय कराचा पैसा गोळा करूनही वर्षानुवर्षे कामे काढत नव्हते ते आता जास्त काढील का, हा विचार तुम्हीच करा.

म्हणजे आपल्या ठरावात जे मागितले आहे ते सरकारने न मागता देऊन ठेवले आहे. भाव मागितला तर पन्नास वर्षे देत नाहीत, आणि बाईचे काम बंद करा म्हटले की एका दिवसात देतात. याचेच आम्हांला नवल वाटते. सरकार आपल्यावर इतके प्रसन्न होते तेव्हा आपण आपला खिसा चाचपून पाहिला पाहिजे.

चाचपून पाहू. वेचणीचा दर किलोला १० रुपये धरा. कुठे आठ असेल, कुठे बारा, हंगामाच्या शेवटी त्याहून जास्त. हिशेबाला १० घेऊ. म्हणजे क्विंटलमागे १,००० रुपये वेचणी. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. तेव्हा पावणेआठ रुपयांतला एक रुपया वेचणाऱ्या बाईला जातो. तिने दर दोन रुपयांनी वाढवून मागितला तर क्विंटलला २०० रुपये जास्त. या २०० रुपयांवरून आपण पारावर भांडतो, ठराव आणतो. आणि १९ ऑगस्ट २०२५ ला, आपल्या पऱ्हाटीला बोंडे धरत असताना, केंद्राने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. ऐन वेचणीत परदेशी गाठी उतरल्या आणि आपल्याला हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घालावा लागला. त्यात क्विंटलमागे किती गेले ते ज्याने विकला त्याला माहीत आहे. ते २०० नव्हते. पण दिल्ली लांब आहे आणि बाई दारात आहे, म्हणून भांडण बाईशी.

अजून एक हिशेब आहे, आणि तो नीट ऐका, कारण तो आपल्या चळवळीच्या मुळाशी जातो. हमीभाव कसा काढतात? कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो. बी, खत, औषध, बैल, लावलेली मजुरी असा रोख खर्च, त्याला ते ए-२ म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवतात, तिला एफएल म्हणतात. दोन्हींची बेरीज २०२५-२६ ला मध्यम धाग्यासाठी क्विंटलला ५,१४० रुपये धरली आणि तिच्या दीडपट म्हणून ७,७१० रुपये भाव दिला. स्वामिनाथन आयोगाने सी-२ वर, म्हणजे जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून, ५० टक्के सांगितले होते; ते दिले नाही, हे आपण प्रत्येक बैठकीत सांगतो, आजही सांगतो. पण या ए-२ आणि एफएल मधल्या मजुरीच्या आकड्यांकडे आपण कधी पाहिलेच नाही.

कापसात सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा, आणि त्या मजुरीत सगळ्यात मोठा भाग बाईचा. आयोग ती मजुरी कोणत्या दराने धरतो? गावात जो दर चालतो त्याच्या आधाराने. लावलेल्या बाईला आपण २५० दिले तर कागदावर २५० लागतात. आणि घरच्या बाईच्या दिवसालाही त्याच बाजारभावाच्या आधाराने किंमत लागते. म्हणजे शेजारणीची रोजी आपण जितकी दाबू, तितकी आपल्या घरच्या लक्ष्मीच्या घामाची किंमत दिल्लीच्या कागदावर कमी लागते. त्या कागदावर एक रुपया कमी लागला की हमीभावात दीड रुपया कमी होतो. आपल्या कापसाचा भाव पाडायला व्यापारी आहे, सरकार आहे. त्यांच्या जोडीला आपणही आहोत, ते असे.

कोणी म्हणेल, हमीभाव वाढला तरी त्या भावाने खरेदी कुठे होते? बरोबर आहे. खरेदी केंद्रे उशिरा उघडतात, ओलावा दाखवून माल परत करतात, नोंदणीला फोन मागतात. ती लढाई वेगळी आणि ती लढायचीच आहे. पण खर्चच कमी धरलेला असेल तर ती लढाई जिंकूनही आपल्या हाती कमीच येईल. घामाचे दाम मागणारी चळवळ अर्धा घाम मोजायचाच सोडून देत असेल तर तिचे गणित पहिल्या ओळीलाच चुकले. आणि वर सांगितले ते फक्त वावरातले काम. पहाटे उठून भाकरी थापणे, पाणी भरणे, गोठा काढणे, न्याहारी वावरात नेणे, सालगड्याचेही जेवण करणे, हे कोणत्याच कागदावर नाही. सालगडी ठेवला की त्याचे साल ठरते. त्याला जेवू घालणारीचे काहीच ठरत नाही.

आता सातबाऱ्याकडे येऊ. देशात खेड्यातल्या कामकरी बायांपैकी शंभरांत पंचाहत्तरहून जास्त शेतीत राबतात. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बाईच्या नावावरची वहिती खाती सुमारे १४ टक्के. ज्या गडावर आई राज्य करते, जिथे महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्हीकडून लोक दर्शनाला चढून जातात, त्या गडाच्या पायथ्याचे सातबारे काढून पाहा. आईचे नाव किती उताऱ्यांवर आहे? बहुतेक ठिकाणी नवरा गेल्यावरच लागते. नवऱ्याने फास घेतला किंवा औषध प्यायले, की तेराव्यानंतर ती सरकारच्या लेखी शेतकरी होते, आणि ते पहिल्याच दिवशी कर्जासकट. दीर-सासऱ्यांनी वारसाच्या फेरफारावर हरकत घेतली तर तेही नाही.

नाव नसले की काय काय नसते? पीककर्ज नाही, पीकविमा नाही. एकाधिकार खरेदी होती तेव्हा कापसाची पट्टी सातबारावाल्याच्या नावाने निघे. आज सीसीआयला कापूस घालायचा तरी सातबारा लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे पाहा. मुखेड, कंधार, लोह्याकडून आणि लातूरच्या जळकोट, अहमदपूरकडून जोड्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसे दोन, कोयता एक, आणि उचल मुकादम नवऱ्याच्या हातावर ठेवतो. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून बाई पाळीतही मोळ्या उचलते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांचे गर्भाशय काढलेले निघाले. ज्या धोरणांनी कोरडवाहू शेती तोट्यात ठेवली त्यांनीच हे घडवले, असे आम्ही म्हणतो. पण ज्याने बाईच्या नावाने कोयता मोजला नाही तोही त्यातून सुटत नाही.

सरकारला बाई आठवत नाही असे नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकार लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये देऊ लागले. आमच्या बायांना ते पैसे लागतात, आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. त्या पैशातून कोणाची औषधे आली, कोणाच्या पोरीची फी गेली. पण त्यातली एक मेख बघा. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि जिला शेतकरी म्हणून केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० मिळतात, तिला बहीण म्हणून फक्त ५०० रुपये. कारण काय, तर महिन्याला १,००० तुला आधीच मिळतात! म्हणजे बाई शेतकरी झाली की तिची ओवाळणी कापली. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर नवऱ्याला शेतकरी म्हणून पूर्ण आणि बायकोला बहीण म्हणून पूर्ण. या हिशेबाने सरकारने बाईला सांगून टाकले, की सातबाऱ्यावर येऊ नकोस, दारात ताट घेऊन उभी राहा. रोजगार हमीचे काम तिचा हक्क होता, मागितला तर द्यावा लागे. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीची असते, निवडणुकीआधी वाढते आणि निवडणुकीनंतर छाननी सुरू होते.

याला उत्तर आपल्याच चळवळीने पूर्वी शोधले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शरद जोशींनी लाखो शेतकरी बायांना एका मैदानावर आणले. शहरातल्या बाईचे प्रश्न घेऊन नव्हे, वावरातल्या बाईचे घेऊन. जिल्हा परिषदेच्या सगळ्या जागा बायांनी लढवायच्या असे संघटनेने ठरवले, तर सरकारने निवडणुकाच पुढे ढकलल्या. पुढे १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने आपणहून बायकोच्या नावाने जमीन करून द्यायची, आणि ज्या गावात शंभर जणांनी केली त्या गावाचा सत्कार करायचा. आमच्यातल्या काहींनी ते सोहळे पाहिले आहेत. तलाठ्यासमोर सही करताना हात थरथरणारे बापेही पाहिले आहेत. काहींनी दोन गुंठे खडकाळ तेवढे दिले, तेही पाहिले. आम्ही सगळे खरे सांगतो. ज्यांच्या नावावर जमीन लागली त्यातल्या पुष्कळ बायांचा व्यवहार पुढेही नवऱ्याच्याच हातात राहिला. पण एक झाले: ती जमीन तिच्या सहीवाचून विकता आली नाही.

त्या कार्यक्रमाचा रेटा असा, की १५ सप्टेंबर १९९२ ला महसूल खात्याने परिपत्रक काढले. नवऱ्याने हयातीत तलाठ्याकडे अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. खरेदीखत करायची गरज नाही. हे परिपत्रक किती जणांना माहीत आहे? हात वर करा पाहू. तीनच! तीस वर्षे होऊन गेली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा देणारा राज्याचा कायदा १९९४ चा, केंद्राचा २००५ चा. तोही सगळ्यांना माहीत आहे, पण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरताच.

भीती एकच सांगतात, नाव लावले की शेतकरी सन्मानचे पैसे बुडतील. ते पैसे कुटुंबामागे एकालाच मिळतात आणि सहहिस्सेदार लावल्याने नवऱ्याचे नाव उताऱ्यावरून जात नाही. बुडायचे काही नाही.

लातूरकडून आलेल्या भावांना एक उदाहरण ओळखीचे असेल. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे बांधण्याच्या कामात गावच्या बायांना स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे आणले. त्याच संस्थेने पुढे लातूर-धाराशिवकडे बायांना एक गोष्ट करायला लावली: नवऱ्याकडून एक एकर मागून घ्या. मालकी नव्हे, फक्त काय पेरायचे ते ठरवायचा हक्क. बायांनी त्या एकरात सोयाबीन लावले नाही. ज्वारी, तूर, मूग, भाजी असे घरात खायचे लावले. दुष्काळी वर्षांत नगदी पीक गेले तेव्हा त्या एकराने घरात दाणा ठेवला. २०१६ मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचे आम्हांला फार कौतुक नाही. पण कपाशी आणि सोयाबीनने ज्वारी वावरातून हाकलली तेव्हा आपण बाईला विचारले नव्हते, आणि विचारले असते तर तिने काय सांगितले असते ते त्या एकराने दाखवले.

आता पुन्हा ठरावाकडे. आम्ही दुरुस्ती मांडतो. हंगामात कामे बंद ठेवण्याची मागणी काढून टाका. त्या जागी असे लिहा, की या जिल्ह्यात ६० दिवसांची बंदी लावताना वेचणीचे दिवस त्यात धरू नयेत. ज्या शेतकऱ्याला मजुरी झेपत नाही त्याच्या निंदण-वेचणीच्या मजुरीचा काही भाग रोजगार हमीच्या पैशातून द्यावा. फळबागेला देता येतो तर कापसाला आणि ज्वारीला का नाही? यात बाईची रोजी कमी होत नाही आणि शेतकऱ्याचा भारही हलका होतो. उत्पादन खर्च काढताना बाईचा दिवस बापयाच्या दिवसाच्या दराने धरावा, अशी मागणी आयोगाकडे पाठवा. पण ती पाठवण्याआधी आपल्या वावरात तो दर द्यायला लागले पाहिजे, नाहीतर आयोगाचा माणूस गावात येऊन विचारील आणि आपणच त्याला २५० सांगू. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ चा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आणि तत्त्व तेच राहिले. तो मोडण्यात आपण सरकारच्या पुढे आहोत, हे कबूल करू.

हे एका दमात होणार नाही. ज्याला यंदा एका एकराचा खर्च निघाला नाही त्याला उद्यापासून दुप्पट रोजी दे म्हणणे सोपे नाही, आणि आम्ही तसे म्हणत नाही. गावात बसून बायांसमोर दर ठरवा. गुत्त्याने काम दिले तर मापाने द्या, म्हणजे बाई-बाप्या हा भेद तिथेच संपतो. दरवर्षी थोडे पुढे सरका.

सातबाऱ्याचे मात्र आजच होऊ शकते. १९९२ च्या परिपत्रकाच्या प्रती आणि अर्जाचे कागद मांडवाच्या दाराशी वाई बाजारच्या कार्यकर्त्यांकडे ठेवले आहेत. अर्ज भरायला येत नसेल तर तिथली पोरे भरून देतील. तलाठ्याने परिपत्रक माहीत नाही म्हटले तर प्रत दाखवा आणि पोच घ्या.

दुरुस्तीवर आता मत घेऊ. आधी मागे बसलेल्या बाया हात वर करतील, मग बापे.